फसगत कोणाची? : शेतमालाच्या व्यापारावरील नियंत्रणाचा इतिहास, वऱ्हाडच्या कापूसबाजारापासून युरोपीय निर्देशापर्यंत

१

शेतमाल विकून शेतकरी बाजारातून परत निघतो तेव्हा त्याच्या हाती हिशेबपट्टी दिली जाते. मालाचे वजन आणि भाव ह्यांवरून आलेली रक्कम तीत वर असते व तिच्याखाली वजावटीच्या बाबी ओळीने मांडलेल्या असतात. अडत, हमाली, तोलाई ही त्यांतील नेहमीची नावे होत. एके काळी ह्यांच्या जोडीला धर्मादाय, गोरक्षण, वटाव, सूट, कडता अशी आणखीही नावे असत.

ह्या शब्दांची पाहणी केली असता त्यांचे तीन गट पडतात. पहिल्या गटातील शब्द प्रत्यक्ष केलेल्या कामाचा मोबदला दर्शवितात : ओझे उचलणाऱ्याची हमाली, वजन करणाऱ्याची तोलाई, विक्री जुळवून देणाऱ्याची अडत. दुसऱ्या गटातील शब्द मालात किंवा व्यवहारात काही उणीव गृहीत धरतात. माती, ओलावा किंवा पुढे होणारी घट ह्यांपोटी वजनातून वगळलेला भाग म्हणजे कडता. रोख पैसे दिल्याबद्दल खरेदीदाराने स्वतःकडे ठेवलेली रक्कम म्हणजे वटाव. तिसऱ्या गटातील धर्मादाय, गोरक्षण हे शब्द पुण्यकृत्याचे असून त्यांना नकार देणे लौकिकदृष्ट्या अवघड जाते. तिन्ही गटांत एक गोष्ट समान आहे. पट्टीत नुसते नाम येते, क्रियापद येत नाही. त्यामुळे कापून घेणारा कोण आणि ते कोणाच्या संमतीने, हे शब्दावरून कळत नाही. प्रथा ज्या नावाने रूढ झाली त्या नावानेच तिचे समर्थन केले, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा प्रथांपैकी उचित कोणत्या व अनुचित कोणत्या हे ठरविण्याचा कायद्याचा प्रयत्न सुमारे दोनशे वर्षांचा आहे. त्याचे वर्णन सामान्यतः बाजारव्यवस्थेच्या क्रमिक सुधारणेचा इतिहास म्हणून केले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कोणताही कायदा अनुचिततेची व्याख्या करतो त्यापूर्वी, उघडपणे वा नकळत, फसगत कोणाची होते ह्या प्रश्नाचे उत्तर त्याने ठरविलेले असते, आणि त्याची पुढील सारी रचना त्या उत्तरावर उभी राहते. हे उत्तर कसकसे पालटत गेले, ते प्रस्तुत लेखात मुख्यतः मुंबई इलाखा व वऱ्हाड ह्यांच्या आधारे पाहावयाचे आहे.

२

मुंबई इलाख्यात कापसाच्या व्यापारातील लबाडीविरुद्ध पहिला नियम १८२९ साली झाला. त्या काळी इंग्लंडमधील गिरण्यांना लागणारा कापूस मुख्यतः अमेरिकेतून येई. हिंदुस्थानचा कापूस आखूड धाग्याचा व कचरा मिसळलेला म्हणून दुय्यम समजला जात असे. १८४८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीने जॉन ब्राइट ह्यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील कापसाच्या लागवडीची चौकशी केली. १८५७ मध्ये मँचेस्टर येथे कापूस-पुरवठा संघ स्थापन झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) तेथील कापूस येणे थांबले आणि लँकेशरची दृष्टी मुंबई बंदराकडे वळली. ह्याच पार्श्वभूमीवर १८६३ चा मुंबईचा नववा कायदा झाला. कापसाच्या व्यापारातील लबाडीचे निर्मूलन हा त्याचा उद्देश होता. सरकी, माती, दगड मिसळणे, वजन वाढविण्यासाठी पाणी मारणे, लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा कापूस घालणे, ही त्या काळची लबाडी होय. तपासणीसाठी निरीक्षक नेमले गेले आणि गठ्ठे बांधणाऱ्या दाबखान्यांवर परवान्याचे बंधन आले.

ह्या कायद्याने फसगतीविषयी दिलेले उत्तर स्पष्ट आहे : फसविला जाणारा म्हणजे समुद्रापलीकडचा सूतगिरणीवाला. शेतात कापूस वेचणाऱ्यापासून बंदरावर गठ्ठा चढविणाऱ्यापर्यंत इकडची सर्व माणसे संशयित ठरली. शेतकऱ्याला कमी तोललेल्या मणाचा, खालावलेल्या भावाचा किंवा विनाकारण कापलेल्या पैशाचा त्या कायद्यात पत्ता नाही. पण ह्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध होता. उभे पीक सावकाराकडे गुंतलेले असले आणि स्वच्छ व अस्वच्छ कापसाला एकच भाव मिळत असला, तर कापूस स्वच्छ ठेवण्याचे श्रम शेतकऱ्याने कशासाठी घ्यावेत? भेसळीचा काही भाग शेतावर होई, मोठा भाग शेत व बंदर ह्यांमधील हातांत होई. आणि दोहोंचे मूळ किंमत ठरण्याच्या रीतीत होते. कायद्याने गठ्ठा तपासला, पण किंमत कशी ठरते हे तपासले नाही.

हा कायदा फार काळ टिकला नाही. निरीक्षणाचा खर्च व उपयोग ह्यांविषयी मुंबईच्या व्यापारी वर्गात मतभेद होते. १८७८ मध्ये त्याच्या जागी दुसरा कायदा आला आणि १८८० नंतरच्या दोनतीन वर्षांत हे सारे निरीक्षणच संपुष्टात आले.

३

दरम्यान वऱ्हाडात निराळा प्रयोग सुरू झाला होता. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या ह्या प्रदेशाची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध होती. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो ह्यांनी खामगावच्या लोहमार्गशाखेचे उद्घाटन केले. खामगाव, अमरावती, अकोला, कारंजा येथील पेठांत हंगामात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, आणि मुंबईच्या निर्यात-पेढ्यांचे अडते थेट तेथे जाऊन बसले. खरेदीचे ठिकाण बंदरावरून शेताच्या जवळ सरकल्यामुळे नियंत्रणाचे ठिकाणही सरकले. १८८६ साली कारंजा येथील कापूसबाजार हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये नियंत्रित झाला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्यापुढे १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. पुढील सर्व बाजार-कायद्यांचा हाच पूर्वज.

ह्या कायद्याने एखादे ठिकाण बाजार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार शासनाला दिला, त्यावर देखरेख करण्यासाठी समितीची तरतूद केली, दलाल व तोलणारे ह्यांना परवाना घेण्यास लावले आणि बाजारशुल्काची मर्यादा घातली. ह्यामागील मूळ प्रेरणा खरेदीदाराचीच होती. शुद्ध कापूस वाजवी भावाने एका ठिकाणी मिळावा ही गिरण्यांची गरज ह्यातून भागत होती. तथापि, तराजू उघड्यावर आला म्हणजे तो दोन्ही बाजूंना दिसतो. परवानाधारक तोलणारा, जाहीर शुल्क आणि ठरलेली जागा ह्यांचा लाभ गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यालाही झाला. हा लाभ कायद्याच्या हेतूचा भाग नव्हता, तो रचनेतून आपोआप उद्भवला, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

उणीवही त्याच रचनेत होती. समितीवर व्यापारी व नगरपालिकेचे प्रतिनिधी असत. शेतकऱ्याला खात्रीची जागा नव्हती. ज्याच्या वर्तनावर नियंत्रण ठेवावयाचे तोच नियंत्रक झाला. १९२६ साली लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या बाजारांचा गौरव केला, तसाच हा दोषही दाखविला.

४

शेतकरी हा फसविला जाणारा पक्ष आहे, ही भूमिका कायद्यात येण्यास विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले. १९१७–१८ च्या भारतीय कापूस समितीने वऱ्हाडच्या धर्तीवर इतर प्रांतांत खुले बाजार स्थापण्याची शिफारस केली. तिच्यातून पुढे आलेले १९२३ चा कापूस वाहतूक कायदा व १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा हे मात्र पुन्हा भेसळीविरुद्धचेच होते. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने उत्पादकाच्या दृष्टीने बाजाराच्या रीतींकडे पाहण्यास आरंभ केला. शाही आयोगाने ही दृष्टी सर्व पिकांना लावली. खोटी वजने, पट्टीतील असंख्य वजावटी, गुप्त रीतीने ठरणारे भाव आणि तंट्याचा निकाल लावणाऱ्या यंत्रणेचा अभाव, हे आयोगाच्या निरूपणातील मुख्य दोष होत.

ह्यांतील गुप्त भावाची रीत विशेष लक्षणीय आहे. दलाल व खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा असे, परंतु त्याच्या मालाविषयीचे संभाषण त्याला वगळून चाले. दुसऱ्या खरेदीदाराने काय देऊ केले होते हे त्याला कधीच कळत नसे, म्हणून फसगत झाली की नाही हेही त्याला सिद्ध करता येत नसे. उघड लिलावाच्या सक्तीने भाव वाढतोच असे नाही. पण भाव सर्वांच्या ऐकण्यात येतो, आणि तक्रार करण्यास आधार मिळतो.

१९३९ च्या मुंबई शेती उत्पन्न बाजार कायद्याने ह्या शिफारशींना व्यापक रूप दिले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुंबई, विदर्भ व मराठवाडा ह्या विभागांतील निरनिराळे कायदे एकत्र करून १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री नियमन कायदा झाला. त्यातील दोन तरतुदी शब्दार्थाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिली वजावटीविषयीची. नियमांत किंवा उपविधींत नमूद नसलेली कोणतीही व्यापारी सूट घेता येणार नाही, आणि दिवाणी न्यायालयानेही ती विचारात घेऊ नये, अशी ही तरतूद आहे. पूर्वी जे नाव रूढीने चालत होते ते आता लिखित यादीत असल्याशिवाय चालेनासे झाले. दुसरी तरतूद 'शेतकरी' ह्या संज्ञेच्या व्याख्येची. जो स्वतः, कुळांकरवी किंवा मजुरांकरवी शेतमाल पिकवितो तो शेतकरी. परंतु शेतमालाचा व्यापार किंवा दलाली करणारा मनुष्य शेतीही करीत असला तरी तो ह्या व्याख्येत येत नाही. सामान्य भाषेत असा मनुष्य निःसंशय शेतकरी म्हणविला गेला असता. कायद्याने शब्दाचा अर्थ मुद्दाम संकुचित केला, कारण समितीवरील शेतकऱ्यांच्या जागा व्यापाऱ्याने सातबाऱ्याच्या आधारे बळकावू नयेत. १८९७ च्या समितीरचनेतील दोषाचा बंदोबस्त अशा प्रकारे एका व्याख्येत केलेला आढळतो.

मात्र उचलीचा प्रश्न ह्या यादीच्या बाहेर राहिला. पेरणीच्या वेळी अडत्याकडून पैसे उचललेला शेतकरी हंगामात त्याच्याच गाळ्यावर माल आणण्यास बांधलेला असतो. लिलाव उघड असला तरी तो कोणाच्या ओट्यावर होणार, हे सहा महिन्यांपूर्वीच ठरलेले असते. ऋणको उघड तक्रार करीत नाही, कारण पुढच्या पेरणीला त्याला त्याच दाराशी जावयाचे असते.

५

१९६३ नंतरच्या इतिहासात नियंत्रणाचा दुसरा पैलू प्रकट झाला. ठरलेल्या जागीच व्यवहार करण्याची सक्ती शेतकऱ्याच्या रक्षणासाठी होती. पण मोजक्या परवानाधारकांच्या हाती बाजार राहिला तर तीच सक्ती त्याला कोंडणारी ठरते. म्हणून २००६ साली महाराष्ट्राने खासगी बाजार, थेट खरेदी व करारशेती ह्यांना कायद्यात वाट करून दिली. २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळण्यात आला, आणि ह्या मालावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. त्या वर्षी जुलै महिन्यात व्यापाऱ्यांनी संप पुकारून त्यास विरोध केला. अडत कोणी द्यावी हा प्रश्न केवळ रकमेचा नव्हता. अडत्या नावाने विक्रेत्याचा प्रतिनिधी होता, म्हणून विक्रेत्याने त्याला मोबदला देणे तर्काला धरून होते. पण त्याचे रोजचे लागेबांधे खरेदीदाराशी असत. हा शब्दच्छल २०१६ च्या निर्णयाने उघडा पाडला. अडत देणारा खरेदीदार बोली तेवढीच खाली आणू शकतो, ही शंका अर्थातच उरते.

सप्टेंबर २०२० मधील केंद्रीय कायद्यांनी बाजार आवाराबाहेरील व्यापार राज्यांच्या शुल्कातून मुक्त केला. त्यांत पैसे त्याच दिवशी, अथवा कार्यपद्धतीनुसार आवश्यक असल्यास जास्तीत जास्त तीन कामकाजी दिवसांत देण्याची अट होती. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने ते रद्द केले. ह्या वादातही मूळ प्रश्न तोच होता. एका पक्षाच्या मते शेतकऱ्याची फसगत आवारातील मक्तेदार करीत होता; दुसऱ्याच्या मते आवाराबाहेर येऊ घातलेला मोठा खरेदीदार ती करणार होता.

६

ह्या मोठ्या खरेदीदाराविषयीचा कायदा युरोपात घडत होता. तेथे किराणा मालाचा किरकोळ व्यापार थोड्या साखळी-दुकानांच्या हाती एकवटला, आणि त्यांच्यापुढे पुरवठादार दुबळा ठरू लागला. ब्रिटनमध्ये २००८ च्या स्पर्धा आयोगाच्या चौकशीनंतर २०१० साली मोठ्या दुकानदारांसाठी आचारसंहिता लागू झाली. २०१३ च्या कायद्याने तिच्या पालनासाठी स्वतंत्र निवाडाधिकारी नेमला. युरोपीय संघाने १७ एप्रिल २०१९ रोजी ६३३ क्रमांकाचा निर्देश काढून सोळा अनुचित व्यापारी रीतींची यादीच केली. त्यांपैकी दहा सर्वथा निषिद्ध आहेत. उरलेल्या सहा आधी स्पष्ट शब्दांत करार केलेला असेल तरच चालतात.

ही यादी मराठी बाजारपेठेच्या परिभाषेशी ताडून पाहिली तर बरेच ओळखीचे आढळते. नाशवंत मालाचे पैसे तीस दिवसांहून अधिक रखडविणे, माल खरेदीदाराच्या ताब्यात गेल्यावर झालेल्या नासाडीचा भुर्दंड पुरवठादारावर टाकणे, विक्रीशी संबंध नसलेली रक्कम मागणे, कराराच्या अटी एकतर्फी बदलणे, ह्या त्यांतील काही रीती होत. नासाडीच्या भुर्दंडात कडत्याचे आणि असंबद्ध रकमेत धर्मादायाचे तत्त्व दिसते. माल पोहोचल्यावर वांधा काढून भाव पाडण्याची जुनी रीत एकतर्फी बदलात दिसते. फळीवर माल मांडण्याबद्दल किंवा जाहिरातीबद्दल पुरवठादाराकडून घेतलेली रक्कम ही सशर्त गटात मोडते. तक्रार करणाऱ्यावर व्यापारी सूड उगविणे, हीदेखील स्वतंत्र अनुचित रीत म्हणून नोंदलेली आहे. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याची व त्याच्या वतीने संघटनेने तक्रार करण्याची सोयही निर्देशात आहे. उचलीने बांधलेला शेतकरी का बोलत नाही, ह्या प्रश्नाचा विचार येथे कायद्याच्या मजकुरात झालेला आहे, आणि हीच त्याची महत्त्वाची भर होय.

पुरवठादार किंवा खरेदीदार ह्यांपैकी कोणीही एक संघाच्या हद्दीत असला तरी हा निर्देश लागू होतो. म्हणजे नाशिकची द्राक्षे घेणाऱ्या युरोपीय आयातदाराविरुद्ध येथील निर्यातदारही तत्त्वतः दाद मागू शकतो, मात्र उभयतांची वार्षिक उलाढाल निर्देशातील टप्प्यांत बसली पाहिजे. परंतु निर्देश प्रत्येक व्यवहाराकडे स्वतंत्रपणे पाहतो. दिंडोरी किंवा निफाड येथील बागाईतदाराने येथील निर्यातदाराला केलेली विक्री ही संघाबाहेरच्या दोघांमधील असल्यामुळे ती त्याच्या कक्षेत येत नाही. आयातदाराने निर्यातदाराचे पैसे वेळेवर दिले तरी ते बागेपर्यंत वेळेवर पोहोचतील असे नव्हे.

ह्याउलट मालाच्या शुद्धतेचे नियंत्रण बागेपर्यंत केव्हाच पोहोचले आहे. अपेडा ह्या केंद्रीय निर्यात-प्राधिकरणाने २००६ च्या सुमारास सुरू केलेल्या ग्रेपनेट व्यवस्थेत निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होते, औषधांच्या अंशांसाठी नमुने तपासले जातात, आणि पेटीवरून बागेचा माग काढता येतो. २०१० साली क्लोरमेक्वाट ह्या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून भारतीय द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा त्याची झळ थेट बागाईतदारांना लागली. खाणाऱ्याच्या आरोग्याचे रक्षण झालेच पाहिजे, ह्यात वाद नाही. पण दोष साखळीतून बागेपर्यंत शोधता येतो आणि देय रक्कम तशी शोधता येत नाही, ही विषमता १८६३ च्या कायद्याची आठवण करून देणारी आहे. तेव्हाही गठ्ठ्याचा माग काढला जात होता, किमतीचा नव्हे.

७

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, नियंत्रणाचा इतिहास सरळ रेषेत खरेदीदाराकडून उत्पादकाकडे गेलेला नाही. खरेदीदाराच्या रक्षणाचे कायदे आधी आले आणि आजही साखळीत तेच अधिक खोलवर पोहोचतात. उत्पादकाच्या रक्षणाचे कायदे मागाहून आले व ते बहुधा पहिल्या व्यवहारापाशी किंवा शेवटच्या व्यवहारापाशी थांबतात. दुसरा निष्कर्ष यादीविषयीचा. अनुचित रीतीला कायद्यात नाव मिळाल्यावरच ती रोखता येते. पण व्यापार नवे नाव त्वरेने शोधतो, म्हणून यादी वेळोवेळी तपासावी लागते. तिसरा निष्कर्ष तक्रारीविषयीचा. १८९७ ची समिती, १९६३ ची व्याख्या व २०१९ चा निर्देश ह्यांची तुलना केली असता असे दिसते की, तरतुदीचे यश तिच्या कठोरतेपेक्षा एका गोष्टीवर अधिक अवलंबून असते : दुबळ्या पक्षाला पुढील हंगामाचा व्यवहार न गमावता बोलता येते की नाही.

हिशेबपट्टीतील नामांना कर्ता आणि क्रियापद जोडणे, म्हणजे कोणी, कोणाकडून, कोणत्या कामाबद्दल, किती घेतले हे लिहिणे, हे बाजारनियंत्रणाचे सर्वांत साधे काम आहे. कारंजाच्या बाजाराने त्याचा आरंभ १८८६ साली केला. द्राक्षाच्या पेटीबाबत ते काम बागेपासून युरोपातील दुकानापर्यंत अद्याप पुरे व्हावयाचे आहे.